आधी नकाशावर ठिपका, मग पाऊल : डोंगरात जीपीएस कसं वापरावं

पडद्यावर आकडा होता ३८० मीटर. बाण नाकासमोर. सप्टेंबरातलं धुकं इतकं दाट की दहा पावलांवरची सालई दिसत नव्हती, आणि गवत कमरेपर्यंत वाढलेलं. आम्ही चौघं गौताळ्याच्या पठारावर होतो, पितळखोऱ्याच्या अलीकडे. जीप डांबरी रस्त्याच्या कडेला उभी केली होती आणि तिची जागा मी सकाळीच जीपीएसमध्ये नोंदवून ठेवली होती. ३८० मीटर म्हणजे पाच-सहा मिनिटांची चाल. मी बाणाच्या मागे निघाले, बाकीचे माझ्या मागे.

थोड्या वेळाने पाण्याचा आवाज यायला लागला. तो पुढून नव्हता, खालून होता. मी थांबले. तेवढ्यात डावीकडून शेळ्यांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला आणि डोक्यावर घोंगडीची खोळ घेतलेले एक आजोबा धुक्यातून बाहेर आले. "तिकडं कुठं चाल्ल्या बाई? म्होरं कडा हाय. मागं फिरा, वढा धरून वर या." त्यांच्या मागे आम्ही घळीचं तोंड वळसा घालून पार केलं. जीपशी पोचायला सव्वा तास लागला.

रात्री घरी नकाशाची शीट पसरली, आम्ही उभे होतो ती जागा आणि जीप यांच्यामध्ये पट्टीने रेघ ओढली. नकाशावर ती रेघ आठ मिलिमीटरही भरली नाही. तेवढ्यात तिने पाच समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) उतरताना कापल्या होत्या आणि पाच चढताना. मध्ये शंभर मीटर खोल घळ होती. यंत्राने काहीच चुकीचं सांगितलं नव्हतं, जीप खरंच ३८० मीटरवर होती. नकाशा मात्र दिवसभर माझ्या पाठपिशवीत घडी घालून पडलेला होता.

मी कन्नड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. टोपोशीट वाचायला बी.ए.च्या प्रात्यक्षिकांत शिकले, जीपीएस त्यानंतर बऱ्याच वर्षांनी हातात आलं. त्या दिवसापासून एक पद्धत मी सोडलेली नाही : यंत्राकडून फक्त "मी कुठे आहे" एवढंच विचारायचं, ते उत्तर पेन्सिलीने कागदावर उतरवायचं, पुढचा रस्ता कागदावर ठरवायचा आणि चालायचं होकायंत्रावर. हे कसं करायचं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्याकडच्या डोंगरात आता दर रविवारी मोबाइल हातात धरून चालणारी पोरं दिसतात आणि त्यांच्या पिशवीत नकाशा नसतो.

यंत्र आणि नकाशा

माझ्याकडे गार्मिनचं ईट्रेक्स आहे. दोन पेन्सिल सेलवर चालतं, ओल्या हातांनी बटणं दाबता येतात, आणि दोन दिवसांच्या भटकंतीला पुरतं. मोबाइलमधलं जीपीएससुद्धा जागा नीट दाखवतं. पण पावसात त्याचा पडदा बोटाचं ऐकत नाही, मार्च-एप्रिलच्या उन्हात फोन तापून बंद पडतो, आणि दरीत नेटवर्क शोधता शोधता बॅटरी खाऊन टाकतो. म्हणून मोबाइल विमान मोडवर टाकून पिशवीत ठेवावा. अडचणीत फोन लावायला तोच लागणार आहे. यंत्र विकत घेताना एक गोष्ट तपासा. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं आपल्या देशात परवान्याशिवाय वापरता येत नाहीत. नुसतं सिग्नल घेणारं साधं यंत्र घ्या.

नकाशा सर्वे ऑफ इंडियाचा, १:५०,००० प्रमाणाचा. १७६७ साली सुरू झालेलं हे खातं डेहराडूनला आहे. २००५ च्या नकाशा धोरणानंतर सामान्य माणसांसाठी त्यांनी ओपन सिरीज काढली, आणि त्यातल्या शीट त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवून घेता येतात. छापताना "पानाला बसवा" हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर प्रमाण बिघडतं आणि पुढची सगळी मापं चुकतात. छापून झालं की खालच्या मोजपट्टीवर फूटपट्टी ठेवून बघा : एक किलोमीटर बरोबर दोन सेंटिमीटर भरला पाहिजे.

जुन्या क्रमांकांच्या हिशेबाने आमचा भाग ४६ पी मध्ये येतो आणि छत्रपती संभाजीनगर शहर ४७ एम मध्ये. दोन्हींची हद्द म्हणजे २० अंशांचं अक्षवृत्त. त्यामुळे देवगिरी एका शीटवर आणि वेरूळ दुसऱ्या शीटवर जातं, एसटीने अर्ध्या तासाचं अंतर असूनही. खुलताबादच्या आसपास भटकणाऱ्यांनी दोन्ही बाजूंच्या शीट घेऊन कडा चिकटवून ठेवाव्यात. डोंगर शीटच्या हद्दीवर संपत नाही.

कोणाकडे वडिलांच्या किंवा कॉलेजच्या काळातली जुनी शीट असेल तर ती जपून ठेवा, पण जीपीएसबरोबर वापरताना सावध राहा. जुन्या शीट एव्हरेस्ट डेटमवर काढलेल्या आहेत. डेटम म्हणजे पृथ्वीचा आकार कोणता धरला आणि मोजायला सुरुवात कुठून केली, याचा हिशेब. जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ हा हिशेब वापरतं, ओपन सिरीजच्या शीटसुद्धा तोच वापरतात. दोन हिशेबांची सरमिसळ केली तर आपल्या भागात ठिपका शंभर मीटरहून जास्त सरकतो. सपाट माळावर शंभर मीटरने काही अडत नाही, पण कड्याच्या काठावर तो ठिपका वरच्या पठारावरून खालच्या रानात जाऊन पडतो.

यंत्राची जुळणी

ही घरी, चहा घेत, एकदाच करायची. सेटिंगमध्ये मॅप डेटम डब्ल्यूजीएस ८४ ठेवा. पोझिशन फॉरमॅट यूटीएम करा. अंतर मीटर-किलोमीटरमध्ये. नॉर्थ रेफरन्स ग्रिड, म्हणजे नकाशाच्या जाळीच्या उभ्या रेषांवरून धरलेली उत्तर. सेल कोणते घातलेत, अल्कलाइन की चार्ज होणारे, तेही सांगा, नाहीतर बॅटरीचा दर्शक खोटं बोलतो. ट्रॅक, म्हणजे आपण चाललेली वाट, आपोआप नोंदवला जाईल असं ठेवा. एवढं पुरे.

यूटीएमच का, हे सांगते. अंश-मिनिटांत फार घोळ होतात. माझ्या एका सहकारी शिक्षकांनी एकदा फोनवर जागा सांगितली : वीस पॉइंट सत्तावीस. ऐकणाऱ्याच्या यंत्रात अंश आणि मिनिटं अशी मांडणी होती, त्याने २० अंश २७ मिनिटं भरलं. २०.२७ अंश म्हणजे २० अंश १६ मिनिटं. फरक जवळजवळ वीस किलोमीटरचा पडला. यूटीएममध्ये सगळं मीटरमध्ये असतं, आणि मीटर मोजायला फूटपट्टी पुरते.

यूटीएमने पृथ्वीच्या सहा-सहा अंशांच्या उभ्या फाका केल्या आहेत. ७२ ते ७८ पूर्व रेखांशाची आपली फाक ४३ क्रमांकाची. जवळजवळ सगळा मराठवाडा तिच्यात बसतो, माहूरसुद्धा. पण माहूरहून किनवटकडे निघालात की वाटेत ७८ अंशांची रेषा लागते आणि यंत्र अचानक ४४ दाखवायला लागतं, सगळे आकडे बदलतात. यंत्र बिघडलेलं नसतं. तुम्ही दुसऱ्या फाकेत गेलेले असता.

ठिपका कसा टाकायचा

हे नीट शिकलात तर बाकीचं सोपं आहे, म्हणून इथे सावकाश जाते.

समजा यंत्र दाखवतंय : ४३ क्यू (क्यू हे अक्षांशांच्या पट्ट्याचं अक्षर), खाली ०५१३६००, त्याखाली २२४१४००. ही जागा कन्नड शहराच्या आसपासची आहे. पहिला मोठा आकडा पूर्वेकडचा. आपल्या फाकेच्या मधली रेषा म्हणजे ७५ पूर्व रेखांश, तिला ५,००,००० मीटर मानलेलं आहे. म्हणजे आपण त्या रेषेच्या १३,६०० मीटर पूर्वेला आहोत. दुसरा आकडा विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर, २२४१ किलोमीटर आणि वर ४०० मीटर.

नकाशावर किलोमीटरची जाळी असेल तर उभी ५१३ ची रेषा शोधा. उरलेले ६०० मीटर म्हणजे १२ मिलिमीटर, कारण या प्रमाणात १०० मीटरला २ मिलिमीटर. त्या रेषेपासून उजवीकडे १२ मिलिमीटर. मग आडवी २२४१ ची रेषा, तिच्यावर ४०० मीटर म्हणजे ८ मिलिमीटर. जिथे दोन्ही मिळतात तिथे टोकदार पेन्सिलीने ठिपका, भोवती छोटं वर्तुळ, शेजारी वेळ. आधी उजवीकडे, मग वर. पोरांना मी सांगते, आधी ओसरीवरून चाला, मग जिना चढा.

जाळी नसेल तर छापण्याआधी संगणकावर टाकून घ्या, क्यूजीआयएससारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते होतं. तेही जमत नसेल तर अंश-मिनिटांवर काम करा, पण एक लक्षात ठेवा : आपल्या भागात नकाशावर अक्षांशाचं एक मिनिट सुमारे ३७ मिलिमीटर भरतं आणि रेखांशाचं सुमारे ३५. दोन्हींना एकच माप लावू नका.

मी जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा एक कोपरा कापून त्याच्या दोन्ही कडांवर दर दोन मिलिमीटरला खुणा केल्या आहेत. वाऱ्यात फूटपट्टी हातात धरण्यापेक्षा हा कोपरा नकाशावर टेकवणं सोपं जातं. त्यावर सेलोटेप चिकटवली की पावसाळा काढतो.

ठिपका टाकून झाला की लगेच चालू नका. डोळे वर करा आणि नकाशाला विचारा, इथे उभं राहिल्यावर मला काय दिसायला हवं? डावीकडे ओढा, समोर चढ, पाठीमागे पाझर तलाव? दिसतंय तेच कागदावर असेल तर ठिपका खरा. नसेल तर आकडा पुन्हा वाचा. अरुंद दरीत, कड्याच्या पायथ्याशी यंत्राला अर्धंच आकाश दिसतं आणि खडकावरून परतून आलेले सिग्नल त्याला फसवतात. मोकळ्या माळावर तीन ते पाच मीटरपर्यंत अचूक असणारं यंत्र पितळखोऱ्याच्या घळीत वीस-तीस मीटर किंवा त्याहूनही जास्त चुकू शकतं. जागा पक्की करायला किमान चार उपग्रह लागतात आणि ते आकाशात एकमेकांपासून लांब पांगलेले असावे लागतात. त्यामुळे निघतानाच मोकळ्या जागी यंत्र चालू करून पाच मिनिटं स्वस्थ ठेवा.

वीस मीटरमध्ये लपलेला कडा

आपल्या डोंगरांबद्दल हे कळलं तर जीव वाचेल.

अजिंठ्याची रांग असो की बालाघाट, हे सगळे लाव्ह्याच्या थरांचे डोंगर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचले, मधले ठिसूळ थर झिजले, कठीण थर कडे बनून उभे राहिले. म्हणून आपले डोंगर जिन्यासारखे दिसतात : पदर, कडा, पदर, कडा. या खडकाला ट्रॅप म्हणतात, तो शब्दच स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलेला.

१:५०,००० च्या शीटवर समोच्चरेषा दर २० मीटरला काढलेल्या असतात. आता विचार करा. एखाद्या पायरीचा कडा पंधरा मीटर उंच असेल आणि तो नेमका ६४२ आणि ६५७ मीटरच्या मध्ये असेल, तर त्याच्यावरून एकही रेषा जाणार नाही. कागदावर तिथे मोकळा, सौम्य उतार दिसेल. पंधरा मीटर म्हणजे पाच मजली इमारत. नकाशा इथे खोटा नाही, त्याची जाळी त्या माशापेक्षा मोठी आहे.

म्हणून उतरताना काही गोष्टी मी कधीच सोडत नाही. रेषा जवळजवळ आल्या असतील त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूलाही पायरी असणार असं धरते. कड्याची, खडकाची खूण कुठे आहे ते निघण्याआधी लाल पेन्सिलीने गिरवून ठेवते. उतरायला सोंड निवडते, घळ निवडत नाही. समोच्चरेषांचं टोक उताराकडे निघालेलं असेल तर ती सोंड, चढाकडे घुसलेलं असेल तर घळ. पावसाळ्यात घळीने उतरणारा माणूस धबधब्याच्या डोक्यावर जाऊन उभा राहतो आणि तिथून परत चढणं शेवाळलेल्या कातळावर फार कठीण असतं. आणि गुराखी, शेळ्या राखणारे, तांड्यावरची माणसं भेटली की विचारते. "इथून खाली जायला वाट आहे का?" असं विचारू नका, आपल्याकडे पाहुण्याला नाही म्हणायचं जिवावर येतं. "तुम्ही कुठून उतरता? बैल कुठून उतरतात?" असं विचारा. बैल उतरतो तिथून आपण नक्की उतरतो.

बालाघाटात, पाटोदा-सौताड्याच्या बाजूच्या माळावर, गोष्ट उलटी आहे. तिथे पठारावर समोच्चरेषा इतक्या लांब लांब की नकाशा बोलतच नाही, प्रत्येक बांध दुसऱ्या बांधासारखा. तिथे जीपीएसवर जास्त भिस्त ठेवावी लागते, आणि दरीचा काठ आला की पुन्हा नकाशा बाहेर काढायचा.

होकायंत्रावर चालणं

पारदर्शक पट्टी आणि फिरती कडी असलेलं होकायंत्र घ्या. पट्टीची लांब कड नकाशावर "इथून" ते "तिथे" अशी ठेवा, दिशाबाण "तिथे"कडे. कडी फिरवा, तिच्या तळातल्या रेषा नकाशाच्या उभ्या रेषांना समांतर आणि तळातला बाण नकाशाच्या उत्तरेकडे येईपर्यंत. आता होकायंत्र छातीसमोर आडवं धरा आणि स्वतः फिरा, सुईचं लाल टोक तळातल्या बाणात बसेपर्यंत. दिशाबाण दाखवेल ती वाट. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे तळातला बाण दक्षिणेकडे लावणं, मग माणूस आत्मविश्वासाने बरोबर उलट चालतो. निघण्याआधी सूर्याकडे बघा. सकाळी नऊला पश्चिमेकडे निघालात तर ऊन पाठीवर हवं.

चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक इतर बऱ्याच देशांत मोठा असतो, तो बेरीज-वजाबाकीने काढावा लागतो. आपल्या नशिबाने मराठवाड्यात तो एक अंशाच्या आतच आहे. जाळीची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरकही कन्नडला नावालाच, माहूरकडे गेलं तर एक अंशाच्या आसपास. हातात धरलेल्या होकायंत्रात दोन-तीन अंशांची चूक आपोआपच होते, त्यामुळे पायी चालताना हा हिशेब सोडून द्या. पाच अंशांची चूक झाली तर एका किलोमीटरवर आपण जवळपास नव्वद मीटर बाजूला जातो, हे मात्र ध्यानात असू द्या. म्हणून एका बेअरिंगवर, म्हणजे उत्तरेपासून अंशांत मोजलेल्या एका दिशेवर, मी पाचशे मीटरपेक्षा जास्त चालत नाही.

आपल्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असतं. बहुतेक ठिकाणी त्याने काही बिघडत नाही, पण उघड्या माथ्यावर, विशेषतः वीज पडलेल्या खडकाशेजारी, सुई भलतीकडे ओढली जाते. शंका आली तर दहा पावलं सरकून पुन्हा बघा, दोन्हीकडे तेच बेअरिंग आलं पाहिजे. होकायंत्र कातळावर ठेवून वाचू नका, हातात धरा. जीपीएस, मोबाइल, बॅटरी होकायंत्रापासून हातभर दूर ठेवा. एखाद्या लोखंडी तोफेशेजारी उभं राहून होकायंत्र बघा, सुई कशी वागते ते एकदा पाहिलं की विसरणार नाही.

जीपीएसमध्येही होकायंत्राचा पडदा असतो. साध्या मॉडेलमध्ये तो तुमच्या चालण्यावरून दिशा काढतो, म्हणजे थांबलात की त्याला काहीच कळत नाही आणि बाण डोलत राहतो. धुक्यात माणूस थांबूनच दिशा बघतो. तेव्हा सुईचंच होकायंत्र हवं.

धुक्यात किंवा उंच गवतात बेअरिंगवरचं एक झाड किंवा दगड निवडायचा, तिथपर्यंत जायचं, पुन्हा पुढचा निवडायचा. काहीच दिसत नसेल तर सोबत्याला पुढे पाठवून हाक मारून डावी-उजवी करायची आणि तो उभा आहे तिथे जायचं. अंतरासाठी पावलं मोजा. माझी सपाटीवर शंभर मीटरला उजव्या पायाची ६४ पावलं होतात, चढावर गवतात ८० च्या पुढे जातात. तुमची स्वतःची शाळेच्या मैदानावर मोजून काढा.

आणखी एक युक्ती. ओढ्याच्या काठावरची एखादी जागा गाठायची असेल तर नेमकी तिच्याकडे जाऊ नका, मुद्दाम थोडं उजवीकडचं बेअरिंग धरा. ओढा लागला की डावीकडे वळायचं एवढं नक्की असतं. नेमकं तिथेच जायला निघालात आणि जागा सापडली नाही, तर ती डावीकडे राहिली की उजवीकडे हे कळायला मार्ग नसतो.

यंत्र कधी बाहेर काढायचं

निघताना एकदा. मग प्रत्येक निर्णयाच्या जागी : फाटा, खिंड, ओढा ओलांडण्याची जागा, पठाराचा काठ. ठिपका टाका, पुढचा टप्पा कागदावर बघा, मध्ये किती रेषा कापतो ते मोजा, बेअरिंग घ्या, यंत्र खिशात. सतत पडद्याकडे बघत चालणारा माणूस पायाखालचा साप बघत नाही, आणि परतीच्या खुणाही त्याच्या ध्यानात राहत नाहीत.

वेपॉइंट, म्हणजे यंत्रात नाव देऊन नोंदवलेल्या जागा, घरूनच भरा, पण फक्त शेवटच्या जागेचा भरू नका. वळणांचे भरा. त्या सप्टेंबरात मी घळीच्या तोंडाशी एक वेपॉइंट टाकला असता तर बाणाने मला आधी तिथे नेलं असतं, मग जीपकडे. आता माझ्या यंत्रात प्रत्येक वाटेवर असे सहा-सात वेपॉइंट असतात आणि त्यांची नावं कामाची असतात : "घळतोंड", "सोंड सुरू", "पाणी", "वळू नको".

कुणीतरी नोंदवलेला ट्रॅक उतरवून घेतलात तर तो आधी शीटवर काढून बघा. मला एकदा मिळालेला ट्रॅक थेट कड्यावरून खाली गेलेला होता. कुणीतरी दोर लावून उतरलं असणार, आणि तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. कोणत्या महिन्यातला ट्रॅक आहे तेही बघा. जानेवारीत कोरडा असलेला ओढा ऑगस्टमध्ये कमरेच्या वर असतो. गौताळा औट्रमघाट हे १९८६ पासून अभयारण्य आहे, तिथे वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून, ते सांगतील त्याच वाटांनी जा. ट्रॅक आहे म्हणून मनाई असलेल्या रानात शिरू नका, बिबट्या तिथे राहतो.

उंचीचा आकडा मी जागेइतका मानत नाही, तो जास्त चुकतो. वायुदाबावर चालणारी उंची असेल तर ज्ञात उंचीच्या जागी सकाळी जुळवून घ्या आणि पाऊस चढून आला की पुन्हा जुळवा, कारण हवेचा दाब उतरला की यंत्राला वाटतं आपणच वर चढलो.

सेलचा एक जास्तीचा जोड कोरड्या पिशवीत. शीट प्लास्टिकच्या पाकिटात, चालतो आहोत तो भाग वर येईल अशी घडी. घरी एका कागदावर वाट आणि परतीची वेळ लिहून ठेवा.

सरावासाठी संभाजीनगरच्या लोकांनी भांगसीमातेच्या गडावर जावं. चढ थोडा, आकाश मोकळं, आणि देवगिरीचा डोंगर तिथून ओळखू येतो. घरून देवगिरीच्या माथ्याचा वेपॉइंट नकाशावरून मोजून यंत्रात भरा. गडावर उभं राहून होकायंत्राने देवगिरीचं बेअरिंग घ्या आणि वहीत लिहा. मग यंत्राला विचारा, तो वेपॉइंट किती अंशांवर आहे. मग शीटवर पट्टीने दोन ठिपके जोडून कोनमापकाने तोच कोन मोजा. तिन्ही आकडे दोन-तीन अंशांच्या आत आले पाहिजेत. दहा अंशांचा फरक आला तर कुठे चुकलं ते तिथेच बसून शोधा, गावाच्या जवळ आहात, ऊन आहे, घाई नाही. असं चार-पाचदा केल्यावर अंतूरच्या किल्ल्याकडे वळा. अंतूरच्या वाटेवर फारसी अक्षरं कोरलेला, कुठली वाट कुठे जाते ते सांगणारा निजामशाही काळातला मैलाचा दगड उभा आहे. त्याच्याशेजारी उभं राहून ठिपका टाका.

परत आल्यावर ट्रॅक संगणकावर उतरवून घ्या आणि शीटवर निळ्या पेन्सिलीने काढा, महिना आणि साल लिहून. जिथे नकाशात नसलेला कडा भेटला तिथे लाल रेघ. मार्चमध्ये पाणी असलेली जागा दिसली तर तीही. त्या सप्टेंबरातल्या घळीला छापील नकाशावर नाव नाही. आजोबांनी चालता चालता तिचं नाव सांगितलं होतं, आणि तिच्या तोंडाशी शेळ्या जिथून पलीकडे नेतात ती जागाही. दोन्ही मी त्याच रात्री शीटवर लिहिलं, आणि आता त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला माझ्याकडून जी झेरॉक्स मिळते, तिच्यावर ते आहे.